उरलेलं तीर्थ

ही गोष्ट दोन हजार एकवीस सालची. त्या वर्षी फेब्रुवारीतच अमरावती-अकोल्याला पुन्हा कुलपं लागली, बाकी महाराष्ट्राच्या आधी. माणसं तोंडं बांधून दारांमागे बसली होती. अमरावतीच्या बुधवाऱ्यातल्या रेणुकामातेच्या छोट्या देवळाचं लोखंडी दार तर आदल्या वर्षापासून साखळीनं बांधलेलं होतं, मधे काही महिने देवळं उघडली तरी ते उघडलं नव्हतं. पण देवीला सुट्टी नसते. देवळाच्या मागच्या भिंतीला लागून पिढीजात पुजारी वझरकरांच्या दोन खोल्या होत्या, आणि तिथून गाभाऱ्याकडे उघडणारं एक ठेंगणं दार होतं. उद्धवराव रोज पहाटे आंघोळ करून त्या दारातून वाकून आत जात आणि कुणी बघणारं नसताना साग्रसंगीत पूजा करीत.

त्याआधी त्यांच्या पत्नी चारुशीलाबाई पंचामृत कालवून ठेवत. लग्न होऊन आल्या तेव्हापासून हे काम त्यांचं. डोमाजी गवळी बडनेऱ्याच्या बाजूनं गाईचं दूध घेऊन येई. ते आलं, की न तापवता गडव्यात ओतायचं. मग दही, तूप, मध आणि साखर. हात इतके सवयीचे झाले होते, की त्यांना मापाकडे बघावंही लागत नसे.

वझरकरांच्या घराण्याची रीत अशी होती, की देवीचं स्नान पळीभर पंचामृतानं होत नसे, चांगला गडवाभर लागे. भक्तांच्या हातावर तीर्थ घालून झालं की जे उरेल ते पूजा करणाऱ्यानं तिथंच बसून संपवायचं. देवीच्या अंगावरून उतरलेलं जमिनीवर सांडायचं नाही. तुळशीतही ओतायचं नाही, कारण गोडाला मुंग्या येतात आणि मुंग्यांवर कुणाचा तरी पाय पडतो. चारुशीलाबाईंच्या सासऱ्यांच्या काळी याची काही अडचण नव्हती. सकाळच्या आरतीला अख्खी गल्ली लोटायची, आणि गडव्याच्या तळाशी घोटभर राहिलं तर राहायचं. पुढे गल्लीतली पोरं पुण्याला गेली, म्हातारी माणसं पायऱ्या चढेनाशी झाली, आणि उरणारं वर्षागणिक वाढत गेलं. टाळेबंदीत तर सगळाच गडवा उद्धवरावांच्या वाट्याला आला.

त्या तीर्थाबरोबरच ते आपली थायरॉइडची गोळी घेत.

यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गोळी उपाशीपोटी घ्यायची आणि पुढे तासभर काही खायचं-प्यायचं नाही. उद्धवराव पूजेआधी पाण्याचा थेंब घेत नसत. पूजेनंतर तोंडात पहिलं जायचं ते तीर्थ, आणि तीर्थानं उपास मोडत नाही. मग ते खाण्यापिण्यात धरायचं कशाला? दर खेपेला डॉक्टर विचारत, "गोळीसोबत चहा-दूध तर नाही ना घेत?" आणि उद्धवराव अगदी खरं सांगत, "छे छे. चहा तासाभरानं."

आजार सुरू होऊन सहा-सात वर्षं झाली होती. आधी थंडी वाजायला लागली, ऐन मे महिन्यात, जेव्हा अमरावतीत रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं. मग चेहऱ्यावर सूज आली. चालणं मंदावलं. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, गळ्यातल्या ग्रंथीवर शरीर स्वतःच उलटलं आहे, आता गोळी जन्माची. ती पन्नासची होती, ती शंभरची झाली, दीडशेची झाली, दोनशेची झाली. रक्ताचा अहवाल मात्र दर वेळी वाईटच. डॉक्टर चष्म्यावरून बघत विचारत, "काका, गोळ्या विसरत तर नाही ना तुम्ही?" वर्षानुवर्षं पूजेची वेळ न चुकवलेल्या माणसाला हा प्रश्न जिव्हारी लागे.

पोटही बिघडलेलं असायचं. पाठाला बसले की पोटात गुरगुर चाले. कधी पाठ मधेच ठेवून उठावं लागे, आणि मग पुन्हा आंघोळ, पुन्हा संकल्प. यजमानांच्या घरी ते शिजवलेलं अन्न घेत नसत. त्यामुळे जिथं जातील तिथं माणसं मोठ्या भक्तीनं पेलाभर केशरी दूध पुढे करत. पोटासाठी उपास वाढवले, तर उपासाला पुन्हा दूधच.

हे सगळं एक वेळ चाललं असतं. पण गेला तो आवाज.

चारुशीलाबाईंना बघायला वझरकर मूर्तिजापूरला आले होते, तेव्हा त्यांनी मान वर करून मुलाकडे धड बघितलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी गावच्या देवळात तो मुलगा देवीचा पाठ म्हणत होता आणि त्या बायकांच्या घोळक्यात मागे उभ्या होत्या. त्यांनी घरी येऊन आईला सांगितलं, "चालेल." पुढे बुधवाऱ्यात नवरात्रात त्या आवाजासाठी माणसं सायकली भिंतीला टेकवून उभी राहत. स्पीकर नव्हता, लागतही नव्हता. सकाळी स्वयंपाकघरात कणीक मळताना भिंतीपलीकडून तो आवाज यायचा आणि चारुशीलाबाईंचे हात त्याच्या चालीवर चालायचे. आता त्या भिंतीपलीकडून येई ती नुसती खरखर, ओल्या लाकडावर करवत चालवावी तशी.

"माय, बाबाजीचा गळा काहून बसला म्हणतो मी?" डोमाजी दूध मापताना म्हणे. "हळद टाकून दूध देत जा त्याईले. गरमागरम. आन् फिकर नका करू, पाण्याचा थेंब नाई माह्या दुधात."

"तेवढं तू सांगू नको रे डोमाजी," चारुशीलाबाई म्हणत. पण रोज संध्याकाळी हळद घालून दूध देत.

त्यांची एकुलती एक मुलगी स्वराली अकोल्याला जठारपेठेत राहायची. नवरा श्रेयस वकील, ती कॉलेजात शिकवायची. त्या वर्षी महालक्ष्म्यांना दोघं गाडी करून आली. दीड वर्षानं घरात चार माणसं बोलत होती. सोळा भाज्या झाल्या, आंबील झाली, पुरण झालं. दुपारी पूजा आटोपून उद्धवराव एकेकाच्या हातावर तीर्थ घालत आले. स्वरालीपाशी पळी पुढे झाली आणि तिनं हात मागे घेतला.

"बाबा, मी नुसतं डोळ्यांना लावते. पोटात नाही घेत."

"म्हणजे?"

"मला दूध बंद केलंय डॉक्टरांनी. पूर्णच."

"हे दूध आहे?" उद्धवरावांचा आवाज इतका फाटला, की शब्द नीट कळलाही नाही.

"बाबा, दूधच तर आहे त्यात."

पळी तशीच अधांतरी राहिली. श्रेयसनं घाईनं आपला हात पुढे केला, पण उद्धवरावांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पळीतलं तीर्थ त्यांनी स्वतःच्या तोंडात घातलं, हात डोक्याला पुसला आणि म्हणाले, "अकोल्याला जाऊन फार शहाणी झाली गं तू. लहानपणी याच गडव्याला दोन्ही हातांनी लोंबकळायची." तेवढंच. त्यानंतर ते तिच्याशी बोलले नाहीत. जेवताना नाही आणि ती निघतानाही नाही.

मागच्या खोलीत भांडी आवरताना स्वराली आईजवळ बसली. तिचे डोळे लाल झाले होते.

"आई, बाबांचंच दुखणं आहे मला. त्यांच्याकडूनच आलंय. माझीही गोळी वाढतच चालली होती. पोट सारखं फुगलेलं, वर्गात उभं राहायची चोरी. शेवटी अकोल्याच्या डॉक्टर प्रणालींनी दूध बंद करून बघितलं. गोळी निम्म्यावर आली. बाबांना एकदा घेऊन ये ना तिकडे."

"येतात कशाचे. देवीला कोण बघणार?"

"बरं, ते गोळी तरी नीट घेतात ना? उपाशीपोटी?"

"अगं, त्यांच्याइतकं उपाशी कोण असतं? तोंडात काहीसुद्धा गेलेलं नसतं." चारुशीलाबाईंनी बासुंदीची वाटी तिच्यासमोर सरकवली. "एवढीशी घे. सणाच्या दिवशी काय होतं?"

स्वरालीनं आईकडे बघितलं आणि वाटी उचलून फळीवर ठेवून दिली.

ऑक्टोबरात सरकारनं देवळं उघडायला पुन्हा परवानगी दिली, तीही नेमकी घटस्थापनेच्या दिवसापासून. साखळी निघाली. देवळाच्या ट्रस्टचं काम आता गौरांग बघत असे. याच गल्लीत वाढलेला, तिशीचा. रंग देऊन, दिव्यांच्या माळा लावून त्यानं देवळाला नवं रूप आणलं, आणि आदल्या संध्याकाळी तो वझरकरांच्या दारात येऊन उभा राहिला.

"काकाजी, एक बोलायचं होतं. वाईट नका वाटून घेऊ."

"बोल की. उभा काहून?"

"यंदा पाठ स्पीकरवर लावून राहिलो आम्ही. रेकॉर्डिंग मिळते चांगली. तुम्ही बसा ना गाभाऱ्यात, मान तुमचाच. पण लोक दीड वर्षानं येऊन राहिले. टाळेबंदीच्या आधी तुम्ही म्हटलं तर शेवटच्या रांगेतल्याले ऐकूच नाही आलं."

उद्धवराव म्हणाले, "तुझ्या बारशाला मीच मंत्र म्हटले होते रे. तेव्हा तू इतका रडत होता, तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं होतं."

गौरांग हसला, पण ओशाळून.

"चार दिवस दे मला," उद्धवराव म्हणाले. "चार दिवसांत आवाज नाही लागला, तर पाचव्या माळेला लाव तुझं डबडं. मी आड येणार नाही. आणि मग कायमचंच लाव."

गौरांगनं मान डोलावली. तो गेल्यावर चारुशीलाबाई म्हणाल्या, "कायमचं कशाला म्हणालात?"

"मुक्यानं बसून काय करू तिथं? घंटा वाजवू?"

त्यांनी त्याच संध्याकाळी ठरवलं, की आवाजासाठी देवीकडे मागणं मागायचं ते कडक व्रतानं. नऊ दिवस अन्न नाही, फळ नाही. नुसतं दूध. चारुशीलाबाईंनी डोमाजीला रोजचं दूध दुप्पट आणायला सांगितलं. डोमाजी खूश झाला. "आता पाहा माय, बाबाजीचा आवाज कसा घुमते." चारुशीलाबाईंनाही वाटलं, घुमेल. त्यांनी दिवसातून चारदा दूध तापवलं, खडीसाखर घातली, साय बाजूला काढली. नवऱ्यासाठी आपण काहीतरी करतो आहोत, हे समाधान त्यांना कितीतरी महिन्यांनी लाभलं होतं.

पहिल्या माळेला माणसं रस्त्यापर्यंत उभी होती. उद्धवरावांनी पाठ सुरू केला. आवाज खोल विहिरीतून यावा तसा येत होता, पण येत होता. लोकांनी आदरानं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी गर्दी कमी झाली, म्हणून तीर्थ जास्त उरलं. पोटात कळा येत होत्या. ते मधे दोनदा उठले. तिसऱ्या दिवशी पावलं इतकी सुजली, की खडावा चढेनात. चारुशीलाबाई म्हणाल्या, "पुरे आता. भात खा थोडा."

"चौथी माळ होऊ दे," ते म्हणाले.

चौथ्या दिवशी ते ठेंगण्या दारातून वाकून आत गेले ते भिंतीला धरून धरून. चारुशीलाबाई बायकांच्या बाजूला पुढेच बसल्या होत्या. पाठ सुरू झाला आणि थोड्या वेळानं एका ओळीवर थांबला. उद्धवरावांचे ओठ हलत होते. त्यांनी पुन्हा तीच ओळ घेतली. पुन्हा ओठच हलले. मागून कुणीतरी म्हणालं, "काकाजी विसरले वाटते." चारुशीलाबाईंना ओरडून सांगावंसं वाटलं, की हा माणूस झोपेतसुद्धा हे विसरायचा नाही. कुणीतरी मोबाइल वर धरला. उद्धवरावांनी एकदा देवीकडे बघितलं, हात जमिनीवर टेकला आणि आहे त्या जागी कलंडले.

गौरांग धावत आला. वाईट नव्हता तो. त्यानंच डोकं मांडीवर घेतलं, पाणी शिंपडलं, दोघांना हाताशी घेऊन त्यांना उचललं. पण बाहेर माणसं खोळंबली होती, देवीचा पाठ अर्धवट राहून चालत नाही, म्हणून त्यानंच कुणाला तरी खूण केली. उद्धवरावांना ठेंगण्या दारातून आडवं करून घरात नेत असताना मागे स्पीकर सुरू झाला. कुणा परक्या माणसाचा गोड, गुळगुळीत आवाज, मागे पेटी आणि झांजा. त्यानं पाठ पहिल्यापासून घेतला.

नाडी फार मंद लागत होती. अंग गार पडलं होतं. फोन मिळताच स्वरालीनं श्रेयसला गाडी घेऊन पाठवलं आणि संध्याकाळपर्यंत उद्धवराव अकोल्याला डॉक्टर प्रणालींच्या दवाखान्यात होते. डॉक्टर म्हणाल्या, उशीर झाला असता तर बेशुद्धीतून वर आले नसते. हृदयाभोवती पाणी साचलंय.

चार-पाच दिवसांनी ते उठून बसू लागले, तेव्हा डॉक्टर प्रणालींनी खाटेशी खुर्ची ओढून सगळं पहिल्यापासून विचारलं. चारुशीलाबाई पायाशी बसल्या होत्या, स्वराली खिडकीपाशी.

"इतकी मोठी गोळी असून रक्तात काहीच कसं दिसत नाही, हेच मला कळत नाही. गोळी कशाबरोबर घेता तुम्ही?"

"पाण्याबरोबरच," स्वराली म्हणाली.

"तीर्थाबरोबर," उद्धवराव घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"तीर्थ म्हणजे? तुळशीचं पाणी?"

"नाही हो," चारुशीलाबाई मदतीला धावल्या. "आमच्याकडे पंचामृताचं असतं. मीच करते ना. दूध, दही, तूप, मध..." साखरेपर्यंत त्या पोचल्याच नाहीत. पहिला शब्द त्यांनी आत्ता कुठं ऐकला होता. इतकी वर्षं तो त्यांच्या हाताखालून गेला होता, पण कानावर पडला नव्हता.

"किती असतं?"

"गडवाभर," त्या अगदी हळू म्हणाल्या. "माणसं आली नाहीत तर सगळाच."

डॉक्टर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर चारुशीलाबाईंना बरं वाटलं असतं. त्यांनी शांतपणे सांगितलं, की गोळी दुधाबरोबर पोटात गेली, तर तिचा मोठा भाग अंगाला लागतच नाही. आणि ज्यांचं शरीर असं स्वतःच्याच गळ्यावर उलटतं, त्यांच्यात कितीतरी जणांना दुधातली साखरही पचत नाही. आतडं सतत बिघडलेलं राहतं, मग उरलीसुरली गोळीही वाया जाते. "आणि आम्ही डॉक्टर आकडा वाढवत बसतो," त्या म्हणाल्या. "आता पेशंटला विचारताना मीही 'दूध' म्हणून थांबणार नाही, तीर्थाचंही विचारीन. काका, दूध बंद. गोळी सकाळी नुसत्या पाण्याशी. आवाज येईल परत. पुष्कळसा येईल. हृदयाचं मात्र सांगता येत नाही. ते फार दिवस थकलंय."

त्या गेल्यावर उद्धवरावांनी तोंड भिंतीकडे केलं. स्वराली खिडकीपासून हलली नाही.

"बाबा," ती म्हणाली, "तीर्थ घ्या, नाहीतर पाठ म्हणा. दोन्ही आता नाही व्हायचं."

महालक्ष्म्यांपासूनचा अबोला दवाखान्यातही सुटला नव्हता. तिनं आणलेली पेज ते पीत, पण बोलायचं ते चारुशीलाबाईंशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्स गोळी आणि पेल्यात पाणी घेऊन आली. आंघोळ झालेली नव्हती, पूजा झालेली नव्हती. उद्धवराव त्या पेल्याकडे बघत राहिले. नर्स म्हणाली, "आजोबा, घ्या ना लवकर, मले पुढच्या वॉर्डात जायचंय." त्यांनी डोळे मिटले आणि गोळी गिळली. मग पेला खाली ठेवून चारुशीलाबाईंना म्हणाले, "तिला सांग, पाण्याबरोबर घेतली."

स्वराली त्यांच्या हाताच्या अंतरावर उभी होती.

दिवाळीनंतर ती दोघं अमरावतीला परतली. वाटेत चारुशीलाबाईंनी मनाशी सगळं जुळवून ठेवलं होतं. घरात पाय ठेवल्या ठेवल्या त्यांनी मांडून दाखवलं.

"हे बघा, गोळी आधी घ्यायची, पाण्याशी. तासाभरानं पूजा. आणि उरलेलं मी पिते. मला पचतं दूध."

"जो पूजा करतो त्यानंच संपवायचं असतं."

"मग देवीला नुसत्या पाण्याचं स्नान घाला. देवी काय रागावते?"

"माझ्या पोटासाठी देवीचं स्नान बदलू?"

"बरं, लोकांना पंचामृत द्या. तुम्ही तुमच्यापुरतं पाणी घ्या."

उद्धवराव अगदी मऊपणे, समजूत घातल्यासारखे म्हणाले, "चारू, जे मला चालत नाही ते तीर्थ म्हणून दुसऱ्याच्या हातावर कसं घालू? स्वरालीनं हात मागे घेतला तेव्हा मी तिला काय म्हणालो होतो?"

लग्नानंतर इतक्या वर्षांत त्यांनी बायकोला नावानं हाक मारल्याचे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजता आले असते.

संध्याकाळी गौरांगला बोलावून त्यांनी गाभाऱ्याच्या किल्ल्या त्याच्या हातात दिल्या. तो म्हणाला, "काकाजी, तुम्ही बरे झाले की या ना परत, मी काय तुम्हाले काढून राहिलो का?" ते म्हणाले, "तू नाही रे काढत." ट्रस्टनं यवतमाळकडचा एक तरुण पुजारी नेमला. तो मोटारसायकलवरून यायचा. देवीला पळीभर दूध दाखवायचा आणि भक्तांच्या हातावर साखरफुटाणे ठेवायचा. ठेंगण्या दाराला पलीकडून कडी लागली.

आवाज परत आला. हिवाळाभर तो थोडा थोडा उलगडत गेला, सूज उतरली, चेहरा पूर्वीचा दिसू लागला. पाडव्याच्या सुमारास एका सकाळी चारुशीलाबाई कणीक मळत होत्या आणि पलीकडच्या खोलीतून पाठ सुरू झाला. त्यांचे हात थांबले. तोच होता. थोडा म्हातारा, पण तोच. कडेपर्यंत भरलेला. त्या पिठाच्या हातांनी दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. उद्धवराव भिंतीकडे तोंड करून बसले होते, ज्या भिंतीपलीकडे गाभारा होता. तेवढ्यात तिकडे आरतीची वेळ झाली आणि स्पीकर लागला. पेटी, झांजा, गुळगुळीत गळा. दोन आवाज एकमेकांवर आदळले. उद्धवराव जरा वेळ तसेच म्हणत राहिले, मग थांबून ऐकू लागले.

"तिथं तोडायचं नसतं रे," ते भिंतीला म्हणाले. "पुढचा शब्द घेऊन मग श्वास."

दुसऱ्या दिवशीही त्यांनी त्याच जागी त्याला सुधारलं, तिसऱ्या दिवशीही. स्पीकर रोज तिथंच श्वास घ्यायचा. काही दिवसांनी त्यांनी पाठ म्हणणं सोडलं. चारुशीलाबाईंनी विचारलं तर म्हणाले, "तिच्यापर्यंत पोचत नाही गं. मधे ते आहे." आणि त्या सुधारलेल्या, धडधाकट आवाजात ते भाजी काय आणू, लाइटबिल आलं का, एवढंच बोलत राहिले. स्वरालीशीही बोलू लागले. रविवारी फोन करून विचारत, "गोळी घेतली? पाण्याशी ना?" आणि ती "हो" म्हणाली की फोन ठेवून देत.

दोन हजार चोवीसच्या जानेवारीत, संक्रांतीचे तीळ निवडायला काढले होते त्या दिवशी, उद्धवराव दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत. हृदयच होतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं. स्वराली पोचली तेव्हा तोंडात तुळशीपत्र आणि गंगाजल घालायचं राहिलं होतं. ते तिनं घातलं.

गौरांगनं देवळाला संगमरवर बसवला. अंत्यविधीला खांदा द्यायला तोच पुढे होता, आणि तेराव्याला त्यानं देवळातला स्पीकर दिवसभर बंद ठेवला. डोमाजीनं गाई विकल्या. त्याचा मुलगा बडनेऱ्याला रेल्वेत लागला. डोमाजी अजून कधीमधी भेटतो तेव्हा सांगतो, की बाबाजीले अखेरच्या दिवसांत कोणी दूध दिलं नाई, त्याच्यानंच गेले. त्याची समजूत कुणी काढत नाही. स्वरालीची गोळी आता लहान आहे. श्रेयस घरात नारळाचं दूध आणतो, ते कुणालाच आवडत नाही. बुधवाऱ्याच्या दोन खोल्या ट्रस्टनं घेतल्या आणि ठेंगणं दार विटांनी बुजवलं.

चारुशीलाबाई जठारपेठेत लेकीकडे असतात. घरच्या पूजेतली देवीची छोटी मूर्ती त्यांनी सोबत आणली. रोज सकाळी त्या स्वतःच तिची पूजा करतात. वाटीभर पंचामृत कालवतात, देवीला स्नान घालतात. घरात दुसरं कुणी ते घेत नाही. उरलेलं त्या तिथंच बसून, शेवटच्या थेंबापर्यंत पितात. त्यांना ते पचतं. पहिल्यापासूनच पचत होतं.